वर्गणी, अनुदान आणि कर : तळेगावच्या समर्थ विद्यालयाच्या निमित्ताने

शाळेचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न वरवर जमाखर्चाचा दिसतो. परंतु शाळा कोणासाठी आणि कोणाच्या हुकमतीखाली चालावयाची, हे त्याच्याच उत्तरावर ठरते. तळेगाव दाभाडे येथील समर्थ विद्यालयाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

१८५४ च्या खलित्याने अनुदानपद्धतीचा पाया घातला. अनुदानाच्या पाठोपाठ सरकारी तपासणी व नियम आले. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांनी १९०६ मध्ये स्थापिलेले आणि पुढे तळेगावी आलेले समर्थ विद्यालय राष्ट्रीय शिक्षणाच्या ध्येयाने, लोकाश्रयावर चालले. तळेगावीच १९०८ मध्ये पैसा फंडाचा काचकारखाना उभा राहिला, तोही जनतेच्या किरकोळ वर्गणीतून. तथापि लोकाश्रय म्हणजे अभय नव्हे; १९१० मध्ये सरकारने विद्यालय बंद पाडले.

वर्गणीची दुसरी मर्यादा याहून मूलगामी आहे. वर्गणी ऐच्छिक असते. म्हणून दाते असतील तेथेच शाळा निघते. रयतेच्या पैशाचा लाभ वरच्या वर्गांनाच मिळतो, ही तक्रार जोतीराव फुले यांनी १८८२ मध्येच हंटर आयोगापुढे मांडली होती. शिक्षण सक्तीचे करावयाचे, तर त्याचा खर्चही इच्छेवर सोडता येत नाही. तो करातूनच भागविला पाहिजे. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या १९११ च्या विधेयकाचे मर्म हेच होय. स्थानिक संस्थांनी शिक्षणकर बसवावा व सरकारने खर्चाचा मोठा वाटा उचलावा, अशी त्यांची योजना होती. १९१२ मध्ये ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. शाहू महाराजांनी मात्र १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले.

स्वातंत्र्योत्तर काळात कोठारी आयोगाने (१९६४-६६) राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्क्यांचे उद्दिष्ट सुचविले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला त्याच आकड्याचा पुनरुच्चार करावा लागला, यातच सारे आले. मधल्या काळात २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या बालकांना शिक्षणाचा हक्क दिला. हक्क सार्वत्रिक आणि तरतूद अपुरी, अशा स्थितीत उरलेला भार पालकांवर व देणगीदारांवर पडतो.

आज तळेगावच्या भोवती कारखानदारी वाढली आहे आणि उद्योगांकडून शाळांना साहाय्य मिळणे शक्य आहे. ते स्वागतार्हच, परंतु ती नव्या रूपातील वर्गणीच होय. वर्गणीने प्रयोगशाळा सजेल, नवा प्रयोग उभा राहील. प्रत्येक मुलाच्या बाकाची हमी मात्र करच देऊ शकतो. लोकाश्रयाने स्वातंत्र्य मिळते, राजाश्रयाने व्याप्ती. कराच्या पैशावर चालूनही शाळेला स्वतःची बुद्धी कशी राखता येईल, हा समर्थ विद्यालयाने मागे ठेवलेला प्रश्न अद्याप सुटलेला नाही.