वाफसा ओळखणारी घरगुती पेटी

पुण्याच्या नैर्ऋत्येस मुठेच्या अंगाला हिंगणें बुद्रुक म्हणून जें खेडें होतें, त्यासच आज कर्वेनगर म्हणतात. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ सालीं काढलेला अनाथ बालिकाश्रम १९०० सालीं याच माळावर एका झोपडींत आणला, आणि शहरांतलें अध्यापनाचें काम आटोपून ते रोज तेथें पायीं जात. त्याच संस्थेचें मुलींसाठीं काढलेलें अभियांत्रिकी महाविद्यालय १९९१ पासून तेथें चालूं आहे. शेतें मात्र आतां शोधूनहि सांपडत नाहींत. कालवा म्हणावा तर तो कॅनॉल रोड या नांवांत राहिला आहे. अशा ठिकाणीं शेतकीच्या मासिकास काय काम, असें वाचक विचारतील. काम होतें, आणि तें आमच्या कांद्यासंबंधीं होतें.

आमची एक पुतणी याच भागांत खोली घेऊन इलेक्ट्रॉनिक्स शिकते. गेल्या दिवाळींत ती शिरूर तालुक्यांतील आमच्या वस्तीवर आली असतां आम्ही रात्रीं अकरा वाजतां घोंगडी घेऊन दारें धरण्यास निघालेले तिनें पाहिलें. त्या आठवड्यांत विजेची पाळी रात्रीची होती. शेजारच्या उसांत बिबट्याची मादी पिलांसह असल्याची बातमी होती. "काका, मोटार चालूं करायला तुम्हीच कशाला पाहिजे? तेवढें काम पेटी करील," असें ती म्हणाली. आम्ही हंसलों. पंधरा दिवसांनीं तिनें आम्हांस ती पेटी पाहण्यास कर्वेनगरास बोलावलें.

पेटी कसली, तो जेवणाचा जुना प्लास्टिकचा डबा होता. आंत तळहाताएवढा निळा बोर्ड, त्यास जोडलेल्या रंगीत तारा, आणि बाहेर दोन दांत्यांचा एक लहान फांटा. या बोर्डास आर्डुइनो म्हणतात. इटलींतील इव्रेआ या गांवीं २००५ सालीं विद्यार्थ्यांच्या सोईसाठीं तो तयार झाला. करणारांनीं त्याचा आराखडा उघड केल्यामुळें कोणासहि तो बनवितां येतो, व म्हणूनच बुधवार पेठेंतल्या तपकीर गल्लीच्या आसपास तो कांहीं शें रुपयांत मिळतो. त्यावरील मुख्य चिपेस मायक्रोकंट्रोलर म्हणतात. मोबाइलमधल्या एका छायाचित्रास लागते त्याहून पुष्कळ कमी, अवघी ३२ किलोबाइट जागा तिच्यांत सूचना लिहिण्यास असते. पण एकदां लिहिलेली सूचना वीज गेली तरी पुसली जात नाहीं, आणि वीज येतांच चिप तीच सूचना पहिल्यापासून पाळूं लागते. सालगड्यास सांगावें तसें तिला सांगावयाचें: तासातासानें ओल पाहा, अमुक आंकड्यापेक्षां जमीन कोरडी दिसली आणि तिन्ही फेज नीट असल्या, तर मोटार लाव, नाहींतर स्वस्थ बैस.

फांट्याच्या दोन दांत्यांमधून मातींतून जो विद्युत्प्रवाह जातो, त्याच्या कमीजास्तपणावरून चिप ० पासून १०२३ पर्यंत एक आंकडा काढते. आमच्या जोडणींत माती कोरडी तसा आंकडा मोठा, ओली तसा लहान. येथवर सारें सोपें वाटलें. पेटी आम्ही गांवीं आणून कांद्याच्या वाफ्यांत बसविली आणि चार रात्री सुखानें झोंपलों.

तिसऱ्या आठवड्यांत एके पहांटे जाऊन पाहतों, तों वाफ्यांत पाणी तुडुंब, मोटार चालूंच, आणि पेटी जमीन कोरडी असल्याचेंच सांगत होती! फांटा उपटला तेव्हां उलगडा झाला. दोन दांत्यांपैकीं एक जवळजवळ खाऊन गेला होता. ओल्या मातींतून एकाच दिशेनें सतत प्रवाह वाहिला, कीं धातू एका दांत्यावरून झिजून जातो; मुलामा देण्याच्या कारखान्यांत मुद्दाम करतात तोच हा प्रकार. दांताच नाहीं म्हणून प्रवाह नाहीं, आणि प्रवाह नाहीं म्हणून जमीन कोरडी, असा त्या बिचाऱ्या चिपेचा तर्क. अर्धा वाफा कांदा पिवळा पडला. पुतणीस फोन केला तेव्हां ती बराच वेळ गप्प होती; मग म्हणाली, "काका, चूक माझी. आंकडा घेण्यापुरताच क्षणभर प्रवाह द्यायला हवा होता."

तिनें नवी सूचना लिहिली. आतां तासांतून एकदांच, तेंहि क्षणभर, दांत्यांस वीज मिळते. शिवाय एका वेळीं कितीहि कोरडें दिसलें तरी ठराविक मिनिटांपलीकडे मोटार चालूं नये, अशी वेसण घातली. पुढें तिनें फांटाहि बदलला. नव्या जातीच्या फांट्यांत धातू लेपाखालीं झांकलेला असून मातीस लागत नाहीं. मात्र त्याच्या उघड्या कडांस वार्निश द्यावें लागतें.

पण खरा घोळ दांत्यांचा नव्हता. पेटी बसवितांना "किती आंकड्यास पाणी द्यावयाचें?" असें पुतणीनें विचारलें, तेव्हां आम्हीं "तुझ्या पुस्तकांत असेल तो घाल" असें उत्तर दिलें होतें. पुस्तकांत वाफसा कोठला? मूठभर माती दाबून लाडू वळला, आणि बोटानें टिचकी मारतांच फुटला, तर वाफसा. हें आमच्या हातास कळतें, चिपेस नाहीं. त्यांतून काळी जमीन वाळली कीं भेगाळते, फांटा भेगेंत सुटा पडतो, आणि शेजारीं ओल असतांहि आंकडा कोरड्याचा येतो. म्हणून आम्ही पाण्याच्या पाळीनंतर रोज सकाळीं कांद्याच्या मुळांच्या खोलीवर, वीतभर खालीं, माती हातानें पाहिली आणि त्याच वेळचा आंकडा वहींत लिहिला. वाफसा आला त्या दिवसाचा एक, आणि लाडू वळेनासा झाला त्या दिवसाचा एक, असे दोन आंकडे सांपडले. तेच आज पेटींत आहेत. ते येथें मुद्दाम देत नाहीं. मुरमाड रानांत ते निराळे येतील, आणि आमच्याच खालच्या पट्टींतहि निराळे आले.

बाजारांत तयार बंद पेट्याहि मिळतात. त्या वाईट असें आमचें म्हणणें नाहीं; पण ज्या पेटीचा आंकडा आपणांस बदलतां येत नाहीं, ती घेण्यापूर्वीं विचार करावा.

आतां मोटारीविषयीं. चिपेच्या टोकाशीं पांच व्होल्टच असतात व प्रवाह इवलासा. त्यावर बारीक दिवा लागेल, पंप नव्हे. चिप रिलेस चालविते, रिले स्टार्टरच्या कॉइलीस, आणि स्टार्टर मोटारीस. स्टार्टरकडील जोडणी मेन बंद करून जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावी, आणि मोटार जळूं नये म्हणून स्टार्टरमध्यें असलेला ओव्हरलोड रिले कोणत्याहि कारणानें वगळूं नये. दुसरी गोष्ट शेजारधर्माची आहे. वीज येतांच मोटार लावणारे 'ऑटो' गांवोगांव बसले आहेत. सुरू होतांना मोटार पूर्ण भाराच्या पांच-सहापट प्रवाह ओढते. वीस मोटारी एकाच क्षणीं उठल्या कीं डीपी जळतो आणि सारें शिवार दिवसच्या दिवस तहानलेलें राहतें. चिपेस मात्र "वीज आल्यावर अमुक सेकंद थांब" असें सांगतां येतें, आणि प्रत्येक पेटीस निराळे सेकंद देतां येतात. डीपीवरच्या सर्व भागीदारांनीं एकत्र बसून हे सेकंद वांटून घ्यावेत. २०१७ सालीं सुरू झालेल्या सौर कृषी वाहिनी योजनेमुळें कित्येक गांवीं दिवसां वीज मिळूं लागली आहे. तेथेंहि हा प्रश्न सुटत नाहीं.

आपल्या मुलांस हें कोठें शिकतां येईल, असें पुष्कळ जण विचारतात. शिरूर तालुक्यांतच पाबळ येथें कै. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम स्थापला. लोहारकाम, सुतारकाम, शेती, वीज हीं कामें हातानें करीत शिकावयाचीं, ही त्यांची पद्धत. अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेच्या साह्यानें २००२ सालीं तेथें फॅब लॅब, म्हणजे कल्पनेंतली वस्तु स्वतः बनवून पाहण्याची कार्यशाळा, निघाली. तशा कार्यशाळांत ती आरंभीच्यांपैकीं एक होती. कलबाग पुढच्याच वर्षीं वारले. पंचक्रोशींत असून आम्ही तिकडे इतकीं वर्षें फिरकलों नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

रात्रीचा फेरा आमचा पुरता सुटलेला नाहीं. मोटार पेटी लावते, पण एका वाफ्याचें पाणी दुसऱ्यांत वळविण्यास अजून माणूसच लागतो. त्यासाठीं नळावर विजेची झडप बसवावी असें पुतणी म्हणते. तूर्त तिच्या कर्वेनगरच्या खिडकींत आमच्या खालच्या पट्टींतली माती भरलेले तीन पत्र्याचे डबे ठेवले असून, त्यांचे आंकडे ती रोज सकाळीं आम्हांस मोबाइलवर पाठविते.