शुद्ध पाण्यातली पळापळ

ग्लासातलं शुद्ध पाणी शांत दिसतं, पण आत सतत मोडतोड चालू असते! एक रेणू आपला प्रोटॉन शेजाऱ्याला देऊन टाकतो. देणारा हायड्रॉक्साइड आयन होतो, घेणारा हायड्रोनियम. एकटा, मोकळा हायड्रोजन आयन पाण्यात राहतच नाही; पुस्तकातलं H⁺ ही फक्त लिहिण्याची सोय.

२५ अंश सेल्सिअसला साधारण ५५ कोटी रेणूंमागे एकच असा फुटलेला असतो. पीएच ७ येतो तो यातूनच.

मला सगळ्यात भारी वाटतो तो या आयनांचा वेग. हायड्रोनियम सोडियम आयनाच्या जवळपास सातपट चपळ! कारण तो स्वतः फारसा पोहत नाही. आगीच्या वेळी रांगेतले लोक हातोहात बादल्या पुढे देतात, तसा प्रोटॉन रेणूमागून रेणू पुढे सरकतो. या कल्पनेचं मूळ ग्रोटहस यांच्या १८०६ च्या लेखात आहे. हायड्रॉक्साइडही असाच सरकतो, जरा सावकाश.

तापमान वाढलं की फुटणंही वाढतं. १०० अंशांला शुद्ध पाण्याचा पीएच ६.१ च्या आसपास येतो, तरी ते आम्ल नसतं. कारण दोन्ही आयन सारख्याच संख्येने असतात. म्हणून पीएचचा आकडा वाचताना तापमान जरूर बघा.