धन्याची थैली आणि संघाचा मोहरा

(द्वितीय वर्ष, कला)

फुटबॉलचा एखादा संघ आपला पहिल्या प्रतीचा खेळाडू दुसऱ्या संघाला देऊन टाकतो, तेव्हा क्रीडारसिक हळहळतात. खेळाडू पैशाला भुलला, असे काही जण म्हणतात. चालकांना खेळाची कदर नाही, असे दुसरे म्हणतात. थोडे खोलात गेले तर पुष्कळदा तिसरेच कारण हाती लागते. संघाचा मालक अडचणीत आलेला असतो, पगार थकलेले असतात आणि ताबडतोब रोख पैसा देईल अशी एकच गोष्ट संघाजवळ उरलेली असते, ती म्हणजे त्याचा उत्तम खेळाडू. हे असे का घडते आणि आपल्या पुणे जिल्ह्यात ते कसे घडले, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

आमच्या कवठे येमाईकडे मान आहे तो कुस्तीला, कबड्डीला आणि बैलगाड्याला. फुटबॉल हा आम्हांला बहुतेक पडद्यावरचाच खेळ. तेव्हा हा विषय शहरातल्या मुलांचा, असे कोणी म्हणेल. परंतु २००७ ते २०१९ या बारा वर्षांत पुण्याचे चार व्यावसायिक संघ राष्ट्रीय स्पर्धेत उतरले आणि चारही मिटले. ज्या जिल्ह्यात असे घडते, तेथल्या विद्यार्थ्याला हा विषय परका कसा म्हणता येईल?

विकतात म्हणजे नेमके काय विकतात?

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. माणूस विकला जात नाही; विकला जातो तो त्याच्याशी केलेला करार. खेळाडू संघाशी दोन-तीन किंवा पाच वर्षांचा करार करतो. ती मुदत संपायच्या आत दुसऱ्या संघाला तो हवा असेल, तर पहिल्या संघाची संमती घ्यावी लागते आणि त्या संमतीची किंमत मोजावी लागते. ही किंमत म्हणजेच बदलीची रक्कम. मुदत संपली की मात्र खेळाडू मोकळा होतो. बेल्जियमचा खेळाडू जाँ-मार्क बोसमन याच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी हा हक्क मान्य केला आणि पुढे तो जगभर रूढ झाला.

यातून एक विचित्र स्थिती निर्माण होते. अर्थशास्त्रात आपण नाशवंत माल शिकतो. नारायणगावच्या बाजारात आणलेला टोमॅटो आज विकला नाही तर उद्या त्याचा भाव पडतो आणि परवा तो फेकावा लागतो. खेळाडूचा करारही असाच नाशवंत आहे. तीन वर्षे बाकी असताना त्याचे जे मोल असते ते सहा महिने बाकी असताना राहत नाही, आणि शेवटच्या दिवशी ते शून्य होते. लिओनेल मेस्सी याचा बार्सिलोनाशी असलेला करार जून २०२१ मध्ये संपला. संघावर त्या वेळी सुमारे १३५ कोटी युरोंचे कर्ज असल्याचे अध्यक्षांनीच जाहीर केले होते. स्पॅनिश लीगच्या खर्चमर्यादेत नवा करार बसेना, आणि जगातला सर्वांत नामांकित खेळाडू बदलीची एक दमडीही न देता पॅरिसला गेला.

दुसरी अडचण वेळेची. वर्षातून दोनच ठरावीक कालखंडांत खेळाडूंच्या बदल्या नोंदवता येतात. मालक अडचणीत आहे ही गोष्ट लपून राहत नाही. दुष्काळात बैल बाजारात नेणाऱ्या शेतकऱ्याच्या दावणीला वैरण नाही, हे घेणाऱ्याला ठाऊक असते. मग बैल कितीही गुणी असो, भाव घेणाराच ठरवतो. अडलेल्या संघाचे तसेच होते. खेळाडू गेला की त्याचा पगार वाचतो, हातात थोडी रोकड येते आणि महिना निभावतो. पण उत्तम खेळाडू गेला की संघ हरू लागतो, प्रेक्षक घटतात, जाहिरातदार पाठ फिरवतात. मग पुन्हा पैसा कमी पडतो आणि पुन्हा एक खेळाडू बाजारात उभा राहतो.

इंग्लंडमधील लीड्स युनायटेड हे याचे ठळक उदाहरण होय. २००१ साली हा संघ युरोपातील सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या उपान्त्य फेरीत पोचला होता. पुढेही असेच यश मिळेल या भरवशावर चालकांनी भावी तिकीटविक्रीच्या तारणावर ६ कोटी पौंडांचे कर्ज काढले. शेतात उभ्या असलेल्या उसावर उचल घ्यावी आणि पाऊस पडू नये, तसे झाले. पुढच्या वर्षी त्या स्पर्धेतील जागाच हुकली. जुलै २००२ मध्ये रिओ फर्डिनंड सुमारे ३ कोटी पौंडांना मँचेस्टर युनायटेडला गेला, जानेवारी २००३ मध्ये जोनाथन वुडगेट न्यूकॅसलला गेला. २००४ मध्ये संघ वरच्या श्रेणीतून खाली घसरला आणि त्याच वर्षी त्याला स्वतःचे मैदानही विकावे लागले.

पुण्याचे चार संघ

लीड्सजवळ विकायला निदान मैदान तरी होते. आपल्याकडे तेही नाही. बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल महाराष्ट्र शासनाचे आहे. तेथे खेळणारे संघ भाडेकरू. दूरचित्रवाणीचे हक्क संघाच्या हातात नाहीत, तिकिटांचे उत्पन्न खर्चाच्या मानाने तुटपुंजे. म्हणजे सगळा भार मालकाच्या थैलीवर.

पहिला संघ पुणे एफसी. अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये तो उभा केला. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये तो उपविजेता ठरला आणि त्याच्या अकादमीतील मुलांचे देशभर नाव झाले. २०१५ मध्ये समूहाने हात आखडता घेतला आणि मुख्य संघ बंद झाला. दुसरा भारत एफसी हा कल्याणी समूहाचा. तो २०१४-१५ चा एकच हंगाम खेळला आणि थांबला. तिसरा डीएसके शिवाजियन्स. इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबच्या सहकार्याने त्यांनी अकादमी काढली होती. २०१५-१६ आणि २०१६-१७ असे आय-लीगचे दोन हंगाम हा संघ खेळला. पुढे बांधकाम व्यवसायातला मालक समूहच आर्थिक संकटात सापडला आणि संघ मिटला. मिझोरमचा लालियानझुआला छांगते हा या शिवाजियन्समध्ये घडलेला मुलगा. पुढे दिल्ली, चेन्नई असे करीत तो मुंबई सिटीत आला आणि २०२२-२३ चा देशातील सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याचे यश पाहायला ज्या संघाने त्याला घडवले तो संघच राहिला नव्हता.

मालक बुडाला तरच संघ बंद होतो, असेही नाही. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली होती. कंपनी भरभराटीत होती. तरीही तिचे धोरण बदलले आणि २००९-१० च्या हंगामानंतर अनेक दशकांची परंपरा असलेला हा संघ विसर्जित झाला. थैली भरलेली असली तरी तिची दोरी एकाच्याच हातात असते, हे यावरून दिसते.

एका परवान्याचा प्रवास

चौथा संघ एफसी पुणे सिटी. त्याची कथा सर्वांत बोधप्रद आहे. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा वाधवान समूहाने हा संघ घेतला. २०१७-१८ मध्ये तो पहिल्यांदा उपान्त्य फेरीत गेला आणि बालेवाडीला गर्दी होऊ लागली. परंतु वाधवान घराण्याची डीएचएफएल ही गृहकर्ज देणारी कंपनी २०१९ मध्ये कर्जफेडीत अडकली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचे संचालक मंडळ दूर केले. फुटबॉल संघाचे पाय त्याआधीच लटपटले होते. केरळचा तरुण खेळाडू आशिक कुरुनियन २०१९ मध्ये बेंगळुरूकडे गेला. ऑगस्टमध्ये संघाचा परवानाच नव्या मालकांनी घेतला आणि तो हैदराबादला नेला. ब्राझीलचा मार्सेलिन्हो, गोव्याचा आदिल खान, निखिल पुजारी, आशिष राय असे पुण्याचे खेळाडू नवी जर्सी घालून हैदराबादला उतरले. सामान्यतः खेळाडू संघ सोडून जातो; येथे संघच गाव सोडून गेला.

नव्या गावात संघाला बरे दिवस आले. २० मार्च २०२२ रोजी गोव्यातील फातोर्डा मैदानावर हैदराबादने केरळ ब्लास्टर्सला पेनल्टी फटक्यांवर ३-१ असे हरवून विजेतेपद मिळवले. गोव्याचाच गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी त्या दिवसाचा नायक ठरला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या हंगामात याच संघात होता.

त्यानंतर दोन वर्षांतच पुण्याची पुनरावृत्ती झाली. पगार थकू लागले. २०२३ मध्ये आकाश मिश्रा मुंबई सिटीकडे गेला. जुनी देणी न दिल्यामुळे फिफाने नवे खेळाडू नोंदवण्यावर बंदी घातली. म्हणजे गेलेल्याच्या जागी दुसरा आणण्याची वाटही बंद झाली. जानेवारी २०२४ मध्ये चिंगलेनसाना सिंग व निखिल पुजारी बेंगळुरूला, मोहम्मद यासिर गोव्याला गेला. परदेशी खेळाडूंपैकी एक ज्योआव व्हिक्टर तेवढा राहिला. उरलेली बाजू कोवळ्या मुलांनी लढवली. २०२३-२४ च्या हंगामात २२ सामन्यांत एक विजय, ८ गुण आणि तळाचे स्थान, अशी एके काळच्या विजेत्याची अवस्था झाली. २०२४ मध्ये मालकी पुन्हा बदलली आणि २०२५ मध्ये हा परवाना हैदराबाद सोडून दिल्लीला गेला. पुणे, हैदराबाद, दिल्ली: अकरा वर्षांत तीन शहरे! प्रत्येक शहरात कोणी तरी त्या संघासाठी घसा कोरडा केला होता.

खेळाडूचे काय होते?

प्रेक्षक दुसरा संघ धरू शकतो, मालक दुसरा धंदा करू शकतो. खेळाडूचे तसे नाही. त्याच्या कमाईची वर्षे जेमतेम बारा-पंधरा. त्यांतला एक हंगाम बिनपगारी गेला तर तो परत मिळत नाही. फिफाच्या नियमाप्रमाणे दोन महिन्यांचा पगार थकला आणि लेखी मागणी करून पंधरा दिवसांत तो मिळाला नाही, तर खेळाडूला करार मोडून बाहेर पडता येते. म्हणून अडचणीतल्या संघाला खेळाडू विकण्याची घाई असते. आज विकला नाही तर उद्या तो नियमानेच मोकळा होणार. मोठ्या नावाच्या खेळाडूला दुसरा संघ मिळतो. राखीव फळीतल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला मात्र कोण विचारतो? मिझोरमच्या किंवा मणिपूरच्या खेड्यातून आलेल्या त्या मुलाच्या पगाराकडे एखादे घर डोळे लावून बसलेले असते. ज्या घरातून पहिलाच मुलगा कॉलेजात किंवा नोकरीत गेला आहे, त्या घराला थकलेल्या पगाराचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

संघ कोणाचा?

तेव्हा खेळाडूची विक्री हे वरवरचे लक्षण आहे. मूळ प्रश्न संघ कोणाचा, हा आहे. आपल्याच महाराष्ट्रात कोल्हापूरला याचे निराळे उत्तर सापडते. तेथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा तालीम मंडळांचे फुटबॉल संघ आहेत. ज्या तालमींत कुस्तीची माती होती त्यांनीच फुटबॉल आपलासा केला. छत्रपती शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेच्या पेठ लोटते. तेथे श्रीमंती फार नाही, पण पेठेचा संघ उचलून दुसऱ्या शहरात नेण्याची कल्पनाही कोणी करणार नाही. जर्मनीत १९९८ पासून असा नियम आहे की क्लबमधील मतांचे बहुमत सभासदांकडेच राहिले पाहिजे. एखाद्या धनिकाने पैसा ओतला तरी चावी सभासदांच्या हाती.

सभासद असले म्हणजे सर्व काही सुरळीत, असे मात्र समजू नये. वर सांगितलेला बार्सिलोना हा सभासदांचाच क्लब आहे. सभासदांनी हिशेब पाहिला नाही तर त्यांचेही घर बुडते. आपल्या गावोगावच्या सोसायट्यांवरून आपणांस हे वेगळे सांगायला नको. म्हणून मालकी विस्तारली पाहिजे आणि तिच्याबरोबर हिशेबही उघडा झाला पाहिजे. हंगाम सुरू होण्याआधी खेळाडूंच्या पगाराची बँकेची हमी घ्यावी, परवाना दुसऱ्या शहरात नेण्याआधी तेथल्या अकादमीतील मुलांची सोय लावणे बंधनकारक करावे. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला तर बदलीच्या रकमेपैकी ५ टक्के रक्कम त्याला बारा ते तेवीस वर्षांच्या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटली जाते. देशांतर्गत बदल्यांतही असा वाटा कसोशीने मिळू लागला, तर लहान संघांना मालकाच्या मर्जीपलीकडचे थोडे उत्पन्न मिळेल.

पुण्यात पुन्हा कधी तरी मोठा संघ निघेल. जाहिराती झळकतील, सिनेनट येतील, आपल्यापैकी काही जण तिकीट काढून बालेवाडीला जातील, जावेच. पण जाताना तीन प्रश्न जरूर विचारावेत. या संघाचे स्वतःचे उत्पन्न किती? मालक उद्या निघून गेला तर संघ कोणाच्या ताब्यात राहणार? आणि राखीव बाकावर बसलेल्या मुलाचा गेल्या महिन्याचा पगार झाला आहे काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी घ्यावे, कारण संघाची खरी प्रकृती तेथेच कळते.