समजून घ्या : जोडीतला एक ससा दुसऱ्याचे केस का कुरतडतो? दोघांना वेगळे करण्याआधी काय तपासाल?

सशांची जोडी घरात रुळली की एकमेकांना चाटणे हा त्यांचा रोजचा कार्यक्रम असतो. एकाने मान खाली घालून डोके पुढे करायचे आणि दुसऱ्याने त्याचे कपाळ, कान, डोळ्यांभोवतीचा भाग चाटून साफ करायचा. मात्र काही घरांत हे चाटणे हळूहळू कुरतडण्यावर येते. एकाच्या मानेवर किंवा पाठीवर केस नसलेला चट्टा दिसू लागतो, दुसऱ्याची लव मात्र शाबूत असते. घाबरून अनेकजण दोघांना लगेच वेगवेगळ्या पिंजऱ्यांत ठेवतात. नेमका हाच उपाय जमलेली जोडी मोडू शकतो. मग करायचे काय?

ससे एकमेकांना का चाटतात?

घरात पाळला जाणारा ससा हा युरोपातील जंगली सशाचा वंशज आहे. तो जमिनीखाली बिळांचे जाळे करून गटाने राहतो. आपल्याकडे माळरानावर दिसणारा ससा वेगळ्या जातीचा. तो बहुतांशी एकटा राहतो आणि बिळेही खणत नाही. गटात राहणाऱ्या सशांमध्ये चाटणे ही केवळ स्वच्छता नसते, त्यातून नाते आणि मानपानही ठरतो. जोडीत वरचढ असलेला ससा सहसा जास्त चाटून घेतो. त्यामुळे एक ससा जास्त चाटतो आणि दुसरा कमी, एवढ्यावरून काळजीचे कारण नाही. केस तुटू लागले, त्वचा लाल झाली किंवा चाटला जाणारा ससा सतत पळू लागला, तर मात्र लक्ष द्यायला हवे. जोडीदाराचे केस दातांनी कातरण्याच्या या सवयीला इंग्रजीत ‘बार्बरिंग’ म्हणतात. म्हणजे चक्क न्हावीकाम!

चट्टा जोडीदारामुळेच पडला, हे कसे ओळखाल?

चट्टा कुठे आहे ते आधी पाहा. कपाळ, मानेची मागची बाजू आणि दोन खांद्यांच्या मधला भाग इथे सशाचे स्वतःचे तोंड पोहोचत नाही. तिथले केस तुटलेले असतील तर संशय जोडीदारावर जातो. कधी कधी मिशाही कातरलेल्या दिसतात.

त्यानंतर मोबाइलचा कॅमेरा झूम करून केसांची टोके पाहा.

• केस मुळाशी शाबूत, पण आखूड आणि वेडेवाकडे कापल्यासारखे. खालची त्वचा स्वच्छ : कुरतडण्याची शक्यता जास्त.
• केस पुंजक्याने सहज हातात येतात आणि खाली नवी लव दिसते : नेहमीची केसगळती.
• कोंडा, खपल्या, लालसरपणा, सतत खाजवणे : माइट्स किंवा बुरशीचा संसर्ग असू शकतो.
• मादीच्या गळ्याखालचे, छातीचे वा पोटाचे केस उपटलेले आणि ती तोंडात गवत घेऊन फिरते : ती घरटे करते आहे. गर्भ नसतानाही हे घडते. अशी खोटी गर्भावस्था साधारण १६ ते १८ दिवस टिकते. नर-मादी एकत्र असतील आणि नसबंदी झालेली नसेल, तर ती खरोखर गाभण असण्याची शक्यताही धरा.

ससे पहाटे आणि संध्याकाळी जास्त हालचाल करतात. त्या वेळी जुना मोबाइल पिंजऱ्यासमोर ठेवून व्हिडीओ घेतला, तर कोण कोणाला कुरतडते हे अंदाज न बांधता कळते. चट्ट्याचा फोटो दर दोन दिवसांनी त्याच प्रकाशात काढून ठेवा. डॉक्टरांना तो उपयोगी पडतो.

कारणे कोणती?

पहिले कारण ताटात सापडू शकते. सशाच्या आहाराचा मोठा भाग सुके गवत असायला हवे. बाजारातल्या गोळ्या, गाजर आणि फळांवर पोट भरले की तंतुमय पदार्थ कमी पडतात आणि ससा जोडीदाराची लव चघळू लागतो. दोघांना चोवीस तास टिमोथी किंवा ओटचे सुके गवत मिळायला हवे. स्वच्छ हरळीही चालते. लसूणघासात प्रथिने आणि कॅल्शियम जास्त असल्याने मोठ्या सशांसाठी ती रोजची नको.

दुसरे कारण जागा. ब्रिटनमधील ‘रॅबिट वेल्फेअर असोसिएशन अँड फंड’ ही संस्था दोन सशांसाठी किमान ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १ मीटर उंच अशी सलग जागा सुचवते. बाल्कनीतल्या छोट्या पिंजऱ्यात दिवस काढणाऱ्या जोडीकडे एकमेकांशिवाय करमणुकीचे दुसरे साधन नसते.

तिसरे कारण हार्मोन्स. नसबंदी न झालेल्या सशांमध्ये पाठलाग, अंगावर चढणे आणि केस ओढणे जास्त दिसते.

चौथे कारण आजार. एखादा ससा जोडीदाराची एकच जागा, विशेषतः डोळा वा कान, सारखी चाटत असेल तर तिथे स्राव किंवा जखम आहे का ते पाहा. डोळ्यातून सतत पाणी येण्यामागे दातांचा त्रासही असू शकतो.

घरी काय करता येईल?

• गवताचे दोन ढीग, खाण्याची दोन भांडी आणि दोन शौचपेट्या ठेवा.
• लपायला खोके द्या; पण त्याला दोन दारे हवीत. एकच दार असले की दबणारा ससा आत कोंडला जातो.
• गवताने भरलेली पुठ्ठ्याची नळी, कुरतडायला पुठ्ठा अशी कामे द्या.
• केसगळतीच्या काळात दोघांना रोज हलक्या हाताने ब्रश करा.

काय टाळाल?

चट्ट्यावर खोबरेल तेल, हळद किंवा माणसांचे मलम लावू नका. जोडीदार ते चाटून पोटात घेतो. सशाला आंघोळ घालू नका, त्याला धक्का बसू शकतो. कुत्र्या-मांजरांसाठीचे फिप्रोनिल असलेले औषध तर अजिबात नको. ते सशांसाठी विषारी ठरते. बुरशीचा संसर्ग माणसांनाही होतो, त्यामुळे निदान होईपर्यंत हाताळल्यावर हात धुवा.

वेगळे कधी करावे?

रक्त आले, खोल जखम झाली किंवा खरोखर मारामारी झाली तर लगेच. तेव्हाही मध्ये जाळी ठेवा, म्हणजे दोघांना एकमेकांचा वास येत राहतो. फार काळ पूर्ण ताटातूट झाली, तर परत आल्यावर जोडीदार त्याला परका समजून हल्ला करू शकतो. दवाखान्यात नेतानाही शक्यतो दोघांना एकत्र न्या. एकाला संसर्ग असेल, तर दुसऱ्याचीही तपासणी लागतेच. नराची नसबंदी केल्यावर मादीची झालेली नसेल, तर चार ते सहा आठवडे थांबा. तोवर गर्भधारणा होऊ शकते.

तातडीने डॉक्टर कधी गाठाल?

सशाला उलटी करता येत नाही. गिळलेले केस पुढेच सरकावे लागतात आणि ते काम गवत व पाणी करतात. पचन मंदावले की केस आतड्यात साचतात. त्यामुळे ज्याला चट्टा पडला त्याच्यापेक्षा केस गिळणाऱ्यावरही तेवढेच लक्ष हवे. कोणताही ससा १० ते १२ तास काही खात नसेल, लेंड्या बारीक झाल्या असतील किंवा बंद झाल्या असतील, तर सकाळची वाट पाहू नका. सशांवर उपचाराचा अनुभव असलेल्या पशुवैद्याचा नंबर आधीच मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.

कारण दूर झाले की केस काही आठवड्यांत परत येतात, कधी पुढच्या केसगळतीपर्यंत थांबावे लागते. चट्टा वाढत नाही, त्वचा स्वच्छ आहे, दोघे नीट खातात आणि एकमेकांना टेकून झोपतात, एवढे दिसत असेल तर जोडी तशीच राहू द्या.