धारेचे यंत्र आणि तेलाचा थेंब

पोलादाला धार लावणाऱ्या दगडांत कुरुंदाचा मान मोठा. इंग्रजीतील 'कोरंडम' हे नावदेखील तमिळ 'कुरुंदम्'वरून तिकडे गेलेले. म्हैसूरच्या मुलखात हा दगड सापडतो. कठीणपणाच्या मोजपट्टीवर हिऱ्याला १०, तर कुरुंदाला ९ अंक मिळतो. तेव्हा दगडाची चिंता नाही. चिंता आहे ती हाताची. निसण्यावर पाते घासताना हात प्रत्येक वेळी थोडा वरखाली होतो, कोन बदलतो आणि धार बोथट राहते. बोथट सुरी भाजीवरून घसरते ती बहुधा बोटावरच येते.

हा दोष टाळण्यासाठी अलीकडे मार्गदर्शक सळईचे यंत्र वापरात आले आहे. शिकंज्यात पाते स्थिर धरायचे, सांध्यावर फिरणाऱ्या सळईला दगड जोडायचा आणि तो ठरलेल्या कोनातून पुढेमागे न्यायचा, एवढीच त्याची रचना. आपली विळी मात्र यात बसत नाही. वाकडे पाते आणि पाटाशी जखडलेला जन्म, तिचा मार्ग वेगळाच.

या यंत्राचा प्राण सांध्यात असतो. दगड सांध्यापासून २० सेंटीमीटरवर काम करीत असेल आणि सांधा १ मिलिमीटर ढिला झाला, तर कोन पाव अंशाहून अधिक चुकतो. ही चूक प्रत्येक फेरीला निराळी पडते, म्हणून धार गोलावते. सांधा झिजतो तो वापरापेक्षा अस्वच्छतेने. घासताना निघणारा दगडाचा चुरा आणि पोलादाचा कीस तेलात मिसळला की त्याचा घासणारा लेपच तयार होतो. मग पात्याबरोबर यंत्रालाही धार लागू लागते! म्हणून कोरड्या फडक्याने सळई व सांधा आधी पुसावा, मगच तेल द्यावे. तेही एक थेंब, आणि उरलेले पुसून टाकावे. भरपूर तेल म्हणजे भरपूर काळजी, ही समजूत येथे घातक ठरते.

तेल कोणते? स्वयंपाकघरातील नव्हे. जवसाचे किंवा करडईचे तेल हवेशी संयोग होऊन घट्ट, चिकट बनते. खोबरेल सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजते आणि म्हैसूरच्या हिवाळी रात्री त्याहून थंड असतात. शिवणयंत्राला घालतात ते पातळ खनिज तेल उत्तम. शिकंज्याच्या आट्यांनाही तेच चालते. पण पाते धरणारे जबडे कोरडे हवेत, नाहीतर पाते सरकते.

दगडांचे शास्त्र याहून वेगळे. ज्या दगडाला पाणी लागते, त्याला तेल दाखवू नये. त्याची छिद्रे तेलाने बुजली की पुन्हा पाणी नीट शोषले जात नाही. हिऱ्याच्या कणांची पट्टी पाण्याने धुवावी आणि तिच्यावर हलका दाब द्यावा, कारण जोर लावल्यास कण उपटून निघतात. पाण्याचा दगड वापराने मधोमध खोलगट होतो. अशा वेळी सपाट काचेवर सिलिकॉन कार्बाइडची भुकटी व थोडे पाणी घालून तो घासावा. आधी दगडावर शिसपेन्सिलीने चौकटी आखाव्यात. त्या सर्वत्र पुसल्या गेल्या की पृष्ठ सपाट झाले. शिवाय दगड पातळ होत गेला की कोन बदलतो. ५ मिलिमीटरचा फरक २० सेंटीमीटरवर जवळजवळ दीड अंश होतो. त्यामुळे दगड बदलताना कोन पुन्हा मोजणे आवश्यकच.

म्हैसूरहून नरसीपूरच्या वाटेवरील वरुणा हे गाव नावातच जलदेवता घेऊन बसले आहे. गावाला तळे आहे आणि कावेरीचे पाणी आणणाऱ्या कालव्याचे नावही वरुणाच. अशा पाण्याशेजारच्या गावी पावसाळ्यात उघड्या पोलादावर गंज यायला फार दिवस लागत नाहीत. तेथे काम संपताच सळई पुसून तिच्यावर तेलाचा पुसट हात फिरवावा. दगड मात्र सावलीत पूर्ण वाळू द्यावेत आणि मगच पेटीत ठेवावेत. ओले दगड व पोलादी सळई एकाच पेटीत बंद करू नयेत.