खरी उत्तर, सुईची उत्तर

मुंबई विमानतळाच्या मुख्य धावपट्टीच्या एका टोकाला ०९ हा आकडा रंगवलेला आहे, दुसऱ्या टोकाला २७. पश्चिमेकडे तोंड करून उतरणारे विमान २७ वर उतरते, म्हणजे होकायंत्राच्या साधारण २७० अंशांवर. जवळच्या दशकापर्यंत आकडा आणायचा, शेवटचे शून्य गाळायचे, की धावपट्टीचे नाव तयार. पुण्याची १०-२८, दाबोळीची ०८-२६, नागपूरची १४-३२. पण हे अंश नकाशावरच्या उत्तरेपासून मोजलेले नसतात. चुंबकसुई जिकडे रोखून उभी राहते, त्या उत्तरेपासून मोजलेले असतात. या दोन उत्तरांमधल्या कोनाला वैमानिक आणि दर्यावर्दी ‘व्हेरिएशन’ म्हणतात, मराठी शास्त्रीय लेखनात त्याला दिक्पात म्हणतात. गेली कित्येक वर्षे या कोनाने मला झपाटले आहे, आणि त्याचे बरेचसे कारण अलिबागेत आहे.

आधी हिशेब. सुई खऱ्या उत्तरेच्या पश्चिमेला झुकत असेल तर नकाशावरच्या दिशेत दिक्पात मिळवायचा, पूर्वेला झुकत असेल तर वजा करायचा. न्यूयॉर्कच्या आसपास तो सुमारे १३ अंश पश्चिम आहे. तिथे नकाशावर नेमके पूर्वेला, ९० अंशांवर जायचे असेल तर होकायंत्रावर १०३ धरावे लागतात. मुंबईत मात्र तो एक अंशाहूनही कमी, जवळजवळ शून्य. आपण भाग्यवान आहोत. तरी एका अंशालाही हलके समजू नये: साठ सागरी मैलांत एक अंशाची चूक एक मैल बाजूला नेते. मुंबई-दिल्ली अंतर सहाशेहून जास्त सागरी मैलांचे, म्हणजे तिथवर दहा मैल, अठरा-एकोणीस किलोमीटर. वाऱ्याचा खेळ यात धरलेलाच नाही. वाऱ्याच्या दिशेचेही असेच द्वैत आहे. हवामानाच्या लेखी अहवालात ती खऱ्या उत्तरेपासून दिलेली असते, पण नियंत्रण मनोऱ्यातून वैमानिकाला सांगतात ती चुंबकीय उत्तरेपासून. उतरताना धावपट्टीशी ताडून पाहायची म्हणून.

कोन का पडतो ते थोडक्यात. पृथ्वीच्या बाह्य गाभ्यात वितळलेले लोखंड फिरत राहते, त्यातून चुंबकीय क्षेत्र उपजते आणि ते स्थिर नसते. जेम्स क्लार्क रॉसला १८३१ साली उत्तर चुंबकीय ध्रुव कॅनडाच्या उत्तर टोकाशी सापडला. आज तो सैबेरियाच्या दिशेने सरकला आहे. लंडनमध्ये १५८० साली सुई सुमारे ११ अंश पूर्वेला होती, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती २४ अंश पश्चिमेला गेली, आणि २०१९ मध्ये ग्रिनिचला पुन्हा खऱ्या उत्तरेवर आली. म्हणून धावपट्ट्यांची नावेही बदलतात. लंडनजवळच्या स्टॅन्स्टेडची ०५-२३ ही २००९ मध्ये ०४-२२ झाली. धावपट्टी जागची हलली नव्हती, फक्त रंगवलेले आकडे बदलले.

आता आपल्या किनाऱ्याकडे येतो. या विद्येतला एक फार महत्त्वाचा प्रवास पोर्तुगालहून गोव्याला झाला. जुआंव द कास्त्रो हा पुढे गोव्यात पोर्तुगीज सत्तेचा प्रमुख झालेला माणूस १५३८ साली हिंदुस्थानाकडे निघाला, आणि वाटेत ठिकठिकाणी सूर्याच्या सावलीवरून खरी उत्तर काढून सुईशी ताडत राहिला. जहाजावरच्या तोफा जवळ असल्या तर सुई भलतीकडे जाते, हे त्याने टिपले. विमानाचे स्वतःचे लोखंड आणि विजेच्या तारा सुईला फसवतात त्याला आज वैमानिक ‘डेव्हिएशन’ म्हणतात. ते व्हेरिएशनहून वेगळे, आणि ते किती हे सांगणारे छोटे कार्ड होकायंत्राशेजारी लावलेले असते. दुसरी नोंद त्याने केली ती त्याच वर्षाच्या डिसेंबरात, आपल्या वसईजवळ. तिथल्या खडकांमुळे सुई विचलित होते, असे त्याने लिहून ठेवले. सह्याद्रीचा काळा कातळ लोहयुक्त आहे. आपल्या पायाखालच्या दगडाने जगाच्या चुंबकशास्त्रात इतक्या लवकर साक्ष दिली, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात यायला हवी.

त्यानंतर तीनशे वर्षांनी मुंबईतले कुलाबा. तिथल्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लेबार प्रमुख होते, आणि त्यांच्या हाताखाली कोवळ्या वयात काम करणाऱ्यांत केरो लक्ष्मण छत्रे होते, पुढे टिळकांना गणित शिकवणारे केरुनाना. उपकरणाची सुई डोळ्याने पाहायची, आकडा वहीत लिहायचा, ठरल्या वेळी पुन्हा पाहायचे. रात्र असो की पाऊस. या चिकाटीचे फळ १८५९ च्या सप्टेंबरात मिळाले. सूर्यावरच्या प्रचंड उद्रेकानंतर पृथ्वीवर चुंबकीय वादळ उठले, तारायंत्रे बिघडली. त्या वादळात आडव्या चुंबकीय बलात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण झाल्याची नोंद कुलाब्याच्या वह्यांत आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे लखिना आणि अ‍ॅलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांसह २००३ साली या नोंदींचा अर्थ लावला. आज अवकाश-हवामानाचा कुठलाही अभ्यासक त्या वादळाविषयी बोलतो तेव्हा तो मुंबईचा हा आकडा घेतोच.

विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या. त्यांच्या प्रवाहाने सुईचे वाचन नासले असते. वेधशाळेचे पहिले भारतीय प्रमुख नानाभॉय मूस यांनी काम खाडीपल्याड अलिबागेला हलवले. तिथल्या इमारतींसाठी पोरबंदरचा दगड आणला, कारण कोकणातला काळा दगड चुंबकीय. बांधकामात लोखंड कटाक्षाने टाळले. आणि मला ज्याचे सर्वांत जास्त कौतुक आहे ते हे: १९०४ ते १९०६ कुलाबा आणि अलिबाग दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी चालू ठेवल्या, म्हणजे जुनी माळ नव्या माळेत अचूक ओवता येईल. ट्राम १९०७ मध्ये धावली, तोवर हे काम पुरे झाले होते. साठ वर्षांच्या नोंदी मूस यांनी १९१० साली दोन जाडजूड खंडांत छापल्या. मी अलिबागेला गेलो की किनाऱ्याला लागून असलेल्या त्या आवाराकडे वळतोच. पर्यटक किल्ल्याच्या वाटेवर भरती-ओहोटीच्या वेळा विचारत असतात. जगातल्या फार थोड्या ठिकाणी इतका सलग चुंबकीय इतिहास आहे, हे त्यांना कोणीतरी सांगावे असे मला दर वेळी वाटते.

अशा वेधशाळांच्या आणि उपग्रहांच्या मोजणीतून जागतिक चुंबकीय प्रतिमान तयार होते. अमेरिकेची आणि ब्रिटनची संस्था मिळून ते दर पाच वर्षांनी नवे करतात. ध्रुव इतक्या वेगाने पळाला की २०१९ मध्ये मुदतीआधीच सुधारणा द्यावी लागली. आणि गंमत अशी, की आजच्या जेट विमानाला सुईची गरजच उरलेली नाही. त्यातली जडत्वमापक यंत्रणा पृथ्वीचे फिरणे ओळखून खरी उत्तर स्वतः शोधते. मग संगणक साठवलेल्या तक्त्यातला दिक्पात त्यात मिळवतो आणि वैमानिकाला चुंबकीय दिशा दाखवतो. तक्ता जुना असेल तर दाखवलेली दिशाही चुकते.

नकळत एकाच चुंबकीय दिशेवर उडत राहिले तर केवढा अनर्थ होऊ शकतो ते १ सप्टेंबर १९८३ ला दिसले. कोरियन एअर लाइन्सचे ००७ क्रमांकाचे विमान अँकरेजहून सोलला निघाले. स्वयंचालक ठरलेल्या मार्गबिंदूंशी जोडला गेलाच नाही. विमान २४५ अंशांच्या चुंबकीय दिशेवरच उडत राहिले, असा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या १९९३ च्या चौकशीचा निष्कर्ष आहे. स्थिर चुंबकीय दिशा म्हणजे स्थिर मार्ग नव्हे. वारा बदलतो, दिक्पातही पावलोपावली बदलतो. विमान शेकडो किलोमीटर भरकटून सोव्हिएत हद्दीत शिरले, पाडले गेले, आणि २६९ माणसे गेली.

आता कॅनडाच्या हवाई वाहतूक नियंत्रण संस्थेने सगळ्या विमानवाहतुकीने खरी उत्तर स्वीकारावी असा आग्रह धरला आहे. त्यांच्या अतिउत्तरेच्या प्रदेशात सुई निकामीच होते, तिथल्या धावपट्ट्या आजही खऱ्या उत्तरेपासून मोजलेल्या आहेत. मला हा आग्रह पटतो. तक्ते बदलण्याचा, फलक रंगवण्याचा, नकाशे पुन्हा छापण्याचा खर्च दर काही वर्षांनी जगभर होतोच. एकदाच मोठा बदल करून तो थांबवता येईल. दिक्पात जिथे जवळजवळ शून्य आहे त्या मुंबईला तर त्याची झळही जाणवणार नाही, ०९ ही ०९ च राहील. विजेची सगळी उपकरणे बंद पडली तरी चालणारे राखीव होकायंत्र वैमानिकाच्या समोर तेव्हाही असेल, आणि त्याच्यासाठी दिक्पात ठाऊक असावाच लागेल. अलिबागची नोंद त्यासाठी चालूच राहायला हवी.