एका दाताचा हिशेब : घरी की परदेशी?

दाढ ठणकू लागली म्हणजे माणसास दुसरे काही सुचत नाही. आणि ती काढून टाकली की चार दिवसांत तो तिला विसरूनही जातो. पुढे काही वर्षांनी शेजारचा दात रिकाम्या जागेकडे झुकतो, समोरचा दात खाली उतरू लागतो, ज्वारीची भाकरी एकाच बाजूने चावावी लागते, आणि तेव्हा कोठे त्या गेलेल्या दाढेची किंमत कळते. अशा रिकाम्या जागी इम्प्लांट म्हणजे धातूचे मूळ बसवून त्यावर नवा दात चढविण्याची सोय आता आपल्याकडेही झाली आहे. तिचा खर्च मात्र मोठा आहे. आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातील आणि शेजारच्या निर्मल, भैंसा, मुधोळ भागांतील कित्येक घरांतले मुलगे दुबई, सौदी अरब, कतार येथे कामास आहेत. त्यामुळे हे काम तिकडे करावे की इकडे, आणि इकडे करायचे तर आदिलाबादेस, नागपुरास की हैदराबादेस, असा प्रश्न घराघरांतून ऐकू येतो. त्याचा येथे थोडा सविस्तर विचार करू.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. स्वीडन देशातील डॉक्टर पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे १९५२ साली सशाच्या हाडातील रक्तप्रवाहाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी हाडात बसविलेले टायटॅनियम धातूचे छोटे उपकरण काम संपल्यावर काढू गेले, तो ते निघेना. हाड त्या धातूस घट्ट धरून बसले होते. या गुणाचा उपयोग दातांसाठी करता येईल हे त्यांनी ओळखले. १९६५ साली योस्टा लार्सन या गृहस्थाच्या जबड्यात त्यांनी टायटॅनियमची मुळे बसविली. लार्सन २००६ साली वारले तोपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, ती मुळे काम देत होती. १९८२ साली कॅनडातील टोरांटो येथे भरलेल्या परिषदेनंतर ही पद्धत जगभर मान्य झाली.

या हकिकतीत एक गोष्ट ध्यानात धरण्यासारखी आहे. दात धरून ठेवण्याचे काम स्क्रू करीत नाही, हाड करते. आणि हाडाला वेळ लागतो. खालच्या जबड्यात सुमारे तीन महिने, वरच्या जबड्यात चार ते सहा महिने. मूळ बसविले, जखम भरली, हाड जुळले, मग माप घेऊन कॅप चढविली, असा हा क्रम आहे. काही निवडक रुग्णांना त्याच दिवशी तात्पुरता दात देता येतो, पण तो निर्णय हाडाची स्थिती पाहून डॉक्टरने घ्यावयाचा असतो. रुग्णाच्या घाईवरून तो घेता येत नाही.

आता दराकडे वळू. आपल्याकडे एका इम्प्लांटला कॅपसह साधारणतः २०,००० ते ५०,००० रुपये पडतात. दुबईत एका दातास ४,००० दिरहम किंवा त्याहून बरेच अधिक मागितले जातात. ५,००० दिरहम धरले आणि दिरहम २३ रुपयांचा धरला, तर ते १,१५,००० रुपये होतात. अमेरिकेत हेच काम ३,००० ते ५,००० डॉलरांपर्यंत जाते. साध्या कामगारास मालकाकडून जो आरोग्यविमा मिळतो तो असा खर्च सहसा उचलीत नाही. तेव्हा दराकडे पाहिले तर घरचे काम स्वस्त, यात शंका नाही.

परंतु दर आणि खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परदेशी असलेला मुलगा बहुधा वर्षा-दोन वर्षांनी महिना-दीड महिन्याच्या रजेवर येतो. हाडाला तीन ते सहा महिने लागतात. ही तोंडमिळवणी नीट झाली नाही तर दोन संकटे उभी राहतात. एक तर घाईने अपुऱ्या जुळलेल्या मुळावर दात चढविला जातो. किंवा अर्धे काम येथे झाल्यावर उरलेले तिकडे पुरे करावे लागते, आणि दुसऱ्याने आरंभिलेले काम हाती घेण्यास तेथील डॉक्टर कुरकुरतात. यास उपाय एकच : काम दोन रजांत वाटून घ्यावे. पहिल्या रजेत, येताच पहिल्या आठवड्यात, मूळ बसवून घ्यावे, म्हणजे टाके काढून जखम भरेपर्यंत डॉक्टरच्या नजरेखाली राहता येईल. दुसऱ्या रजेत कॅप चढवावी. आपण कधी येणार, कधी जाणार, हे डॉक्टरला आधीच सांगून त्याची संमती घ्यावी. केवळ एका दातासाठी मात्र विमानाचे तिकीट काढू नये. जी बचत दिसते ती तिकिटातच जाते.

सीमा ओलांडून दात बसविण्याची ही चाल जगात नवी नाही. मेक्सिकोत अमेरिकेच्या सरहद्दीला लागून लोस अल्गोदोनेस नावाचे लहानसे गाव आहे. तेथे शेकडो दंतवैद्य असून अमेरिकन म्हातारी माणसे पायी हद्द ओलांडून त्यांच्याकडे येतात. हंगेरीत ऑस्ट्रियाच्या सीमेजवळच्या मोशोनमाज्यारोवार या नगराचीही अशीच ख्याती आहे. ही दोन्ही ठिकाणे चालतात याचे कारण केवळ स्वस्ताई नव्हे. ती जवळ आहेत, आणि काही बिघडले तर रुग्णास दुसऱ्या आठवड्यात परत जाता येते.

आमच्या जिल्ह्यालाही अशी एक सीमा आहे. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो, आणि नागपूर महामार्गाने सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय, वर्ध्याजवळ सावंगीचे दंत महाविद्यालय आणि हैदराबादचे शासकीय दंत महाविद्यालय येथे पदव्युत्तर विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. अशा ठिकाणी दर बहुधा कमी असतो. पण फेऱ्या अधिक होतात. येथे हिशेब मांडून पाहावा. समजा, आदिलाबादेस ३५,००० रुपये सांगितले आणि नागपुरास २८,०००. फेऱ्या पाच. आदिलाबादची एक फेरी ४०० रुपयांत होते, म्हणजे एकूण ३७,०००. नागपुरास रुग्णाबरोबर घरचे एक माणूस जाणार. दोघांचे भाडे, जेवण आणि बुडालेली मजुरी मिळून फेरीस २,५०० धरले, तर एकूण ४०,५०० होतात. स्वस्त वाटलेले काम महाग पडले! मात्र दात एक नसून चार असतील, तर फेऱ्या फारशा वाढत नाहीत : आदिलाबादेस १,४२,००० आणि नागपुरास १,२४,५००. म्हणजे काम थोडे असेल तर जवळ जावे, मोठे असेल तर दूर जाण्यात अर्थ असतो. आपापल्या घरचे आकडे घालून प्रत्येकाने हा हिशेब कागदावर मांडावा.

काम कोठेही करा, काही गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. सांगितलेल्या रकमेत तपासणी, एक्स-रे, मूळ, जोड आणि कॅप हे सारे आले का? हाड कमी असल्यास ते भरण्याचे वेगळे किती? मूळ सैल झाले तर काय? आणि बसविलेल्या मुळाच्या कंपनीचे नाव, माप व क्रमांक यांचे कार्ड मागून घ्यावे. मूळचे स्वीडनचे नोबेल बायोकेअर, स्वित्झर्लंडचे स्ट्रॉमन, कोरियाचे ऑस्टेम अशी अनेक नावे आहेत. प्रत्येकाचे भाग वेगळे आणि ते फिरविण्याची हत्यारेही पुष्कळदा वेगळी. नाव ठाऊक नसेल तर दहा वर्षांनी सैल झालेला साधा स्क्रू घट्ट करणेही अवघड होऊन बसते. परदेशात काम केलेल्याने तर हे कार्ड पासपोर्टाइतके जपावे.

नीट निगा राखली तर शंभरांतील नव्वदांहून अधिक इम्प्लांट दहा वर्षे टिकतात. पण तंबाखू आणि ताब्यात नसलेला मधुमेह हे त्यांचे शत्रू आहेत. आमच्या सीमाभागात खर्रा घोटणारे हात थोडे नाहीत. त्यांना स्पष्ट सांगितले पाहिजे की गालात खर्रा आणि हाडात पन्नास हजारांचे मूळ, या दोन गोष्टी एका तोंडात सुखाने नांदत नाहीत. तसेच बाजारात रस्त्याकडेला बसून शे-पाचशेत दात चिकटवून देणाऱ्याकडे कोणी जाऊ नये. तो दात शेजारच्या दातांस चिकटविलेला असतो. त्याखाली घाण साठते, आणि पुढे चांगले दातही हलू लागतात.

इम्प्लांट न परवडणे यात कमीपणा मुळीच नाही. शेजारचे दात मजबूत असतील तर ब्रिज बसविता येतो. सर्व दात गेले असतील तर कवळी आहेच. त्यासाठी सावकाराकडे जाऊ नये, की कापसाचे पीक हाती येण्याआधीच त्याचे पैसे गुंतवू नयेत.

येथे एक गोष्ट परदेशी असलेल्या मुलांसाठी लिहितो. तुमच्या आईच्या खालच्या जबड्यावर कवळी ठरत नाही, म्हणून ती भाकरी दुधात कुस्करून खाते. पण पत्रात किंवा फोनवर ती हे सांगत नाही. २००२ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी असे मत दिले की, खालचे सर्व दात गेलेल्यांसाठी दोन इम्प्लांटवर बटणासारखी अडकणारी कवळी हा पहिला उपाय मानावा. सगळ्या जबड्यास आठ-दहा मुळे लागत नाहीत, दोन पुरतात. वरच्या हिशेबात दुबईचा एक दात १,१५,००० रुपयांचा आणि आदिलाबादचा ३७,००० चा झाला. मधले ७८,००० रुपये आईच्या त्या दोन मुळांचा बहुतेक खर्च भागवितात. ज्या घरास रजेपर्यंत थांबता येते, त्या घरात एका दाताच्या पैशांत दोन माणसांचे जेवण सुधारते.

शेवटी, थांबण्याविषयी. गेलेल्या दाताची रिकामी जागा रजेपर्यंत थांबू शकते. दुखणारा दात थांबू शकत नाही. सूज आली, पू झाला, ताप आला, तर तो मुलगा जेथे असेल तेथेच त्याने त्वरित उपचार घ्यावा आणि पैशाकडे पाहू नये. ज्या दाताचे मूळ शाबूत आहे तो रूट कॅनॉल करून वाचविता येतो का, हे काढण्यापूर्वी विचारावे. कारण आपला स्वतःचा दात वाचविणे हे कोणत्याही देशातील इम्प्लांटहून स्वस्त पडते.